यंत्रमाग व्यवसायातील गुणवंत कर्मचाऱ्यांची निवड, विकास आणि स्थैर्य : भिवंडी शहराच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही उद्योगाची उभारणी भांडवल, यंत्रसामग्री, कच्चा माल आणि मनुष्यबळ या चार घटकांवर होते. पहिले तीन घटक पैसा देऊन विकत घेता येतात. चौथ्या घटकाचे केवळ काही तासांचे श्रम विकत मिळतात. त्याच्या ठायी असलेले कौशल्य पाळी संपताच त्याच्याबरोबर कारखान्याबाहेर पडते. दुसऱ्या दिवशी ते परत येईल की नाही, हे अनेक गोष्टींवर अवलंबून असते. म्हणूनच गुणवंत कर्मचारी निवडणे, त्यांचा विकास करणे व त्यांना टिकवून ठेवणे हा व्यवस्थापनशास्त्रातील स्वतंत्र अभ्यासविषय बनला आहे. १९९७ साली मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने गुणवंतांसाठी कंपन्यांत चाललेल्या स्पर्धेचा अभ्यास केला आणि त्यानंतर या विषयावरील लेखनास विशेष गती मिळाली.

या लेखनातील बहुतांश उदाहरणे मोठ्या कंपन्यांची आहेत. तेथे नेमणूकपत्र, सेवापुस्तक, वार्षिक मूल्यमापन आणि पदोन्नतीची पायरी या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. भारतातील बहुसंख्य कामगार मात्र असंघटित क्षेत्रात काम करतात आणि त्यांच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. अशा ठिकाणी गुणवत्ता व्यवस्थापनाची तत्त्वे कितपत लागू पडतात, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमाग केंद्राच्या संदर्भात तपासणे उद्बोधक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. भिवंडीतील यंत्रमाग व्यवसायात कर्मचाऱ्यांची निवड, विकास व स्थैर्य या प्रक्रिया प्रत्यक्षात कशा घडतात हे स्पष्ट करणे.
२. या प्रक्रियांतील उणिवांची आर्थिक व सामाजिक कारणे शोधणे.
३. महाराष्ट्रातील पूर्वानुभवांच्या आधारे उपाययोजना सुचविणे.

प्रस्तुत विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचे आहे.

संकल्पनात्मक चौकट

या विषयाच्या आकलनासाठी तीन विचारवंतांच्या मांडणीचा आधार उपयुक्त ठरतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ह्युमन कॅपिटल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार मानले आहेत. जे कौशल्य एकाच आस्थापनेत उपयोगी पडते ते विशिष्ट कौशल्य आणि जे कोणत्याही आस्थापनेत उपयोगी पडते ते सामान्य कौशल्य होय. सामान्य कौशल्याच्या प्रशिक्षणावर मालक स्वतःहून खर्च करीत नाही. कारण शिकलेला कामगार शेजारच्या कारखान्यात गेल्यास खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा होतो. साहजिकच अशा शिक्षणाचा भार कमी मजुरीच्या रूपाने कामगारालाच सोसावा लागतो.

त्यापूर्वी १८९० साली आल्फ्रेड मार्शल यांनी एकाच व्यवसायाचे असंख्य छोटे कारखाने एकवटलेल्या औद्योगिक परिसराचे विवेचन केले होते. अशा गावात व्यवसायाचे ज्ञान सर्वांना सहज उपलब्ध असते. मालकाला कुशल हात मिळतात व कामगाराला दुसरे काम मिळते. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली असे दाखविले की, असमाधानी व्यक्तीपुढे बाहेर पडणे आणि आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात. आवाज ऐकला जाण्याची सोय नसेल तर बाहेर पडणे हाच मार्ग उरतो. भिवंडीच्या संदर्भात या तिन्ही मांडणी एकमेकींना पूरक ठरतात.

भिवंडीची औद्योगिक पार्श्वभूमी

हातमागावर विणकाम करणारे मोमीन-अन्सारी समाजातील कारागीर एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून भिवंडीत येऊन स्थायिक झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाची जागा यंत्रमागाने घेण्यास प्रारंभ झाला. कालांतराने तेलंगणातील पद्मशाली विणकर, तसेच पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील तरुण येथे मोठ्या संख्येने आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपाने या शहराच्या वाढीस मोठा वेग दिला. बंद गिरण्यांचे विणकाम यंत्रमागांकडे वळले. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागास गिरण्यांच्या बरोबरीचे स्थान दिले. देशातील यंत्रमागांपैकी निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात आहेत आणि राज्यात इचलकरंजी, मालेगाव व सोलापूर यांच्या बरोबरीने भिवंडीचे नाव घेतले जाते.

या वाढीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. गिरणीचे कापड भिवंडीत आले. गिरणीतील सेवाशर्ती मात्र आल्या नाहीत. गिरणीत हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधी, कामगार अधिकारी व मान्यताप्राप्त संघटना होती. यंत्रमागाच्या छपराखाली त्यांपैकी फारच थोडे उरले. सूत देणारा व्यापारी, माग चालविणारा मालक आणि अनेकदा जागेचा वेगळा मालक अशी विभागणी झाल्याने कामगाराच्या भवितव्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

निवड : ओळखीची साखळी

भिवंडीत कामगारांची निवड जाहिरात वा मुलाखतीद्वारे क्वचितच होते. गावाकडचा नातेवाईक, शेजारी किंवा जॉबर नवख्या तरुणाला कारखान्यात आणतो. या पद्धतीचे काही लाभ निर्विवाद आहेत. शोधाचा खर्च जवळजवळ शून्य असतो आणि आणणाऱ्याची पत पणाला लागलेली असल्याने नवख्याच्या वर्तनाची हमी मिळते. नवख्यालाही पहिल्या दिवसापासून राहण्याची व ‘बिस्सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाणावळीत जेवण्याची सोय मिळते.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा अशी की, ओळख हीच पात्रता ठरते आणि ज्याची साखळी नाही त्याला दार बंद राहते. भिवंडीतील पदविकाधारक किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला तरुण शहरातच राहूनही या साखळीच्या बाहेर असतो. स्त्रियांच्या वाट्याला प्रामुख्याने कांडी भरणे, धागे कापणे यांसारखी साहाय्यक व घरबसल्या करावयाची कामे येतात. दुसरी मर्यादा जॉबरच्या दुहेरी भूमिकेतून निर्माण होते. माग दुरुस्त करणारा तांत्रिक कारागीर आणि माणसे आणणारा मध्यस्थ या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्याने कामगाराची निष्ठा कारखान्यापेक्षा जॉबरशी अधिक जुळते. जॉबर गेला की त्याची माणसेही त्याच्यामागे जातात.

मुंबईच्या गिरण्यांना हाच अनुभव आला होता. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरच्या हाती एकवटलेल्या भरतीच्या अधिकारावर टीका करून त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली होती. गिरण्या त्या दिशेने काही प्रमाणात सरकल्या. यंत्रमाग व्यवसाय अद्याप त्या टप्प्यापूर्वीच आहे.

विकास : मागाच्या कडेला मिळणारे शिक्षण

यंत्रमागावरील विणकर एका वेळी चार ते सहा, काही ठिकाणी त्याहूनही अधिक माग सांभाळतो. प्रचंड आवाजात धागा तुटल्याची जाणीव होणे, ताण्याचा तुटलेला धागा वही व फणीतून ओढून क्षणार्धात सांधणे, धोट्यातील कांडी संपण्यापूर्वी बदलणे, ठोक्याच्या बदललेल्या लयीवरून बिघाड ओळखणे या गोष्टी कोणत्याही पुस्तकात शिकता येत नाहीत. नवखा मुलगा प्रथम मदतनीस म्हणून उभा राहतो, कांड्या पुरवितो, मधल्या वेळेत अनुभवी विणकराच्या मागावर हात बसवितो आणि काही महिन्यांनी स्वतंत्र माग घेतो. या काळात त्याला मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो. बेकर यांच्या मांडणीनुसार शिक्षणाचा खर्च कामगारच सोसतो, याचे हे मूर्तिमंत उदाहरण होय.

ही शिकण्याची पद्धत परिणामकारक असली तरी ती एका ठराविक पायरीवर थांबते. मदतनीस विणकर होतो आणि थोडे विणकर जॉबर होतात. त्यापुढे पायरी नाही. मजुरी कापडाच्या मापावर ठरत असल्याने पाच वर्षांचा व पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या विणकरांना एका मीटरमागे सारखाच दर मिळतो. कापडातील दोष कमी ठेवणाऱ्याला वेगळा मोबदला क्वचितच मिळतो. दोष आढळल्यास कपात मात्र होते. चांगल्या व सामान्य कामगारांत मजुरीच्या पत्रकावर भेद उरत नाही, तेव्हा गुणवत्तेला उत्तेजन कोठून मिळणार?

याहून गंभीर बाब म्हणजे कौशल्याची नोंदच होत नाही. दहा वर्षे काम केलेल्या विणकराजवळ त्या दहा वर्षांचा एकही कागद नसतो. नव्या कारखान्यात त्याला पुन्हा ओळखीच्या आधारेच प्रवेश मिळवावा लागतो आणि बँकेसमोर किंवा शासकीय योजनेच्या खिडकीवर तो अकुशल मजूरच ठरतो.

या संदर्भात शासनाच्या प्रयत्नांची दखल घेणे आवश्यक आहे. १ एप्रिल १९९९ पासून लागू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने आणि १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतून प्रारंभ झालेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेने माग सुधारण्यावर भर दिला. डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ‘समर्थ’ योजनेने वस्त्रोद्योगातील कौशल्य प्रशिक्षणासाठी निधी उपलब्ध केला. तथापि, यंत्रासाठी अनुदान घेणे मालकाला जेवढे सोयीचे वाटते तेवढे बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला प्रशिक्षणवर्गास पाठविणे वाटत नाही. धोटाविरहित रॅपियर वा एअरजेट मागांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे असतात. ती हाताळणारा माणूस तयार नसेल तर महागडा माग बिघाडामुळे बंद राहतो आणि त्याच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

स्थैर्य : बांधून ठेवणे आणि टिकवून ठेवणे

महाराष्ट्रातील यंत्रमाग केंद्रांत कामगार टिकविण्याचा परंपरागत उपाय म्हणजे उचल. लग्न, आजारपण किंवा सण यांसाठी मालक आगाऊ रक्कम देतो; ‘बाकी’ फिटेपर्यंत कामगाराने अन्यत्र जाऊ नये अशी अपेक्षा असते. अडचणीच्या वेळी ही रक्कम कामगाराला खरोखर उपयोगी पडते, हे नाकारता येत नाही. तरीही कर्जाने बांधलेला कामगार शरीराने हजर राहतो. त्याचे लक्ष व त्याची कल्पकता कर्जाने विकत घेता येत नाही. शिवाय दुसऱ्या मालकाने ‘बाकी’ भरून त्याला नेल्यास ही व्यवस्था एका दिवसात मोडते.

कामगार केव्हा सोडून जातो, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या गावाकडच्या वाटेवर सापडते. पेरणी, कापणी, ईद किंवा लग्नसराई यासाठी कामगार गावी जातो. त्या रजेची मजुरी मिळत नाही व परतल्यावर तोच माग मिळेल याची शाश्वती नसते. परिणामी रजा आणि राजीनामा यांतील सीमारेषा पुसट होते. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत ही ठिसूळ रचना सर्वांच्या दृष्टीस पडली. माग थांबले, मापावरची मजुरी थांबली आणि हजारो कामगार मुंबई–नाशिक महामार्गाने पायी निघाले. मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सोडण्यात आली. पुढे माग सुरू करताना अनेक मालकांना कुशल हातांची टंचाई जाणवली. गेलेल्या कामगारांचे नाव, गाव, कौशल्य यांची यादी नसल्याने त्यांना परत बोलाविण्याचे साधन पुन्हा जॉबरचा दूरध्वनी हेच होते.

निवारा हा स्थैर्याचा आणखी एक निर्णायक घटक आहे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, कुटुंब गावी आणि जीर्ण इमारती हे भिवंडीचे परिचित चित्र आहे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पटेल कंपाउंड परिसरातील जिलानी इमारत कोसळून सुमारे चाळीस रहिवाशांचा मृत्यू झाला. ज्या शहरात सुरक्षित छप्पर मिळत नाही, तेथे कुटुंब आणण्याचा विचार कामगार करीत नाही. ज्याचे कुटुंब येथे नाही, तो मनाने येथे स्थायिक होत नाही.

गोदामांची स्पर्धा

गेल्या दोन दशकांत मानकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळ या परिसरात गोदामांचे विस्तीर्ण जाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईतील जकात संपुष्टात आली आणि देशव्यापी साठवणुकीच्या व्यवस्थेत भिवंडीचे महत्त्व वाढले. ई-वाणिज्य कंपन्यांच्या केंद्रांत माल निवडणे, बांधणे, स्कॅन करणे, फोर्कलिफ्ट चालविणे या नव्या कामांकडे स्थानिक तरुण वळले. काम गोंगाटाचे नाही, गणवेश मिळतो व मजुरी बँकेत जमा होते, ही आकर्षणे साधी वाटली तरी महत्त्वाची आहेत.

यंत्रमाग मालक यास मजुरांची पळवापळवी मानतात. वस्तुतः गोदामांतील मोठा वर्गही कंत्राटदारामार्फत, हंगामी गरजेनुसार घेतलेला असतो आणि तेथेही गळती मोठी असते. एका बाजूला नोंद नसलेले दीर्घ कौशल्य व दुसऱ्या बाजूला नोंद असलेले अल्पकालीन काम, अशी निवड भिवंडीच्या तरुणापुढे आहे. यातून विणकामाकडे नव्या पिढीचा ओघ आटत असेल, तर दोष तरुणांच्या आळसाकडे देणे अन्यायाचे ठरते.

महाराष्ट्रातील पूर्वानुभव

गुणवंत कर्मचारी घडविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडलेले बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले होते. गिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. अनुभवापेक्षा क्षमता पाहून केलेली ही निवड यशस्वी ठरली. हजेरीसाठी दंड वाढविण्याऐवजी गिरणीने बक्षिसे, १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघात भरपाई अशी पावले उचलली. भारतात या बाबतीत कायदे होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्यामागे औदार्य होते तसाच हिशेबही होता : टिकणारा कामगार कमी सूत वाया घालवितो.

एम्प्रेसचे उदाहरण एका मोठ्या, सधन गिरणीचे आहे. दहा-वीस मागांच्या मालकाला ते जसेच्या तसे अनुसरणे शक्य नाही. त्याच्यासाठी अधिक जवळचा आदर्श म्हणजे १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन केली. माथाडी कामगाराचे मालक दररोज बदलू शकतात. त्याची नोंद, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व उपदान मात्र मंडळाकडे कायम राहते. मालकांकडून मजुरीवर घेतलेल्या अधिभारातून हा खर्च भागतो. माथाडीच्या नावाखाली काही औद्योगिक भागांत खंडणी उकळली जात असल्याच्या तक्रारीही पुढे आल्या आहेत व त्यांचे गांभीर्य मान्य केले पाहिजे. असे असले तरी कामगाराचे सातत्य एका कारखान्याऐवजी संपूर्ण व्यवसायाशी जोडता येते, हा या कायद्याने दिलेला धडा मोलाचा आहे.

कायद्यातील बदल

केंद्र शासनाच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत नेमणूकपत्र देणे त्यामुळे बंधनकारक झाले. ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्यास एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळाला. दहा वा अधिक आंतरराज्य स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनांत गावी जाण्या-येण्याच्या प्रवासखर्चाची तरतूद आहे. दुसरीकडे, विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारांची किमान संख्या दहावरून वीसवर गेली आहे. लहान यंत्रमाग घटकांचा आणि कागदोपत्री विभागलेल्या घटकांचा मोठा भाग त्यामुळे कारखाना म्हणून लागू होणाऱ्या तरतुदींबाहेर राहण्याची शक्यता आहे. कायद्याने दार उघडले आहे. त्यातून आत येणे मात्र व्यवसायाच्या सामूहिक इच्छेवर अवलंबून आहे.

निष्कर्ष

१. विणकामाचे कौशल्य शहरातील सर्व कारखान्यांना सारखेच उपयोगी असल्याने एकट्या मालकाने प्रशिक्षणावर खर्च करणे त्याला तोट्याचे वाटते. सर्वांनी मिळून केलेला खर्च मात्र सर्वांनाच लाभतो. कारण शिकलेला कामगार कारखाना बदलला तरी भिवंडीतच राहतो.
२. स्थैर्याचा प्रश्न कामगार सोडून जाताना निर्माण होत नाही. त्याला नोंदीविना घेतले जाते व एका पायरीवर थांबविले जाते, तेव्हाच त्याची सुरुवात होते.
३. उचल कामगाराला बांधून ठेवते. दर्जानुसार मोबदला, सुरक्षित निवारा व परतीची हमी त्याला टिकवून ठेवतात.
४. गोदामांच्या वाढीने यंत्रमाग व्यवसायातील जुन्या उणिवा केवळ उघड केल्या आहेत.

उपाययोजना

१. यंत्रमागधारकांच्या संघटना, कामगार प्रतिनिधी व महानगरपालिका यांनी मिळून शहरपातळीवर कौशल्य नोंदवही ठेवावी. प्रत्येक कामगारास मागाचा प्रकार, अनुभवाची वर्षे व विशेष कौशल्य नमूद केलेले ओळखपत्र द्यावे. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीशी ते जोडता येईल.
२. मदतनीस, विणकर, ज्येष्ठ विणकर, जॉबर व पर्यवेक्षक अशा पायऱ्या निश्चित करून निर्दोष कापडासाठी मीटरमागे अल्पसा अधिक दर द्यावा.
३. मागावर शिकलेल्या कामगारांचे कौशल्य पूर्वज्ञान-मान्यतेच्या योजनेतून प्रमाणित करावे. मूल्यमापन कारखान्यातच, पाळीच्या वेळेत व कामगारांना अवगत असलेल्या हिंदी, उर्दू किंवा तेलुगू भाषेत व्हावे.
४. गावी जाणाऱ्या कामगारास परतीची तारीख नमूद केलेली रजाचिठ्ठी द्यावी व त्या तारखेपर्यंत त्याचा माग बदली कामगाराकडे सोपवावा.
५. महाविद्यालयांनी या कार्यात प्रत्यक्ष सहभाग घ्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणास श्रेयांक मिळतात. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी लहान घटकांसाठी हजेरी व मजुरीची सुटसुटीत नोंदपद्धती तयार करू शकतील, तर समाजशास्त्राचे विद्यार्थी कामगार कोणत्या कारणाने सोडून जातात याची पद्धतशीर पाहणी करू शकतील.

समारोप

भिवंडीत कौशल्याची वाण नाही. त्या कौशल्याला नाव, नोंद आणि पुढची पायरी देणारी व्यवस्था येथे नाही, ही खरी उणीव होय. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा हजारो कुशल हातांचे ज्ञान कोणत्याही नोंदीविना विस्मृतीत गेले. आज भिवंडीतील अनुभवी विणकर वयाने वाढत आहेत आणि त्यांच्या शेजारी शिकण्यास उभा राहणारा मुलगा दुर्मीळ होत चालला आहे. नवे माग कर्जाने आणता येतील. मागाचा ठोका ऐकून बिघाड ओळखणारा कान मात्र वर्षानुवर्षांच्या सहवासातूनच तयार होतो. तो कान तयार करणारी माणसे कामावर आहेत तोवरच त्यांचे ज्ञान नोंदविणे व पुढील पिढीकडे सोपविणे शक्य आहे. उद्योजक, शासन आणि शहरातील शिक्षणसंस्था यांनी हे काम संयुक्तपणे हाती घेणे ही काळाची गरज आहे.